स्ट्रॉबेरीवर कयाक न्यायची तर वाऱ्याचं वेळापत्रक आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत, यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला आलेल्या एका गृहस्थांनी साडेदहा फुटी, वर बसायची कयाक घेतली. लहानपणी खडकवासल्यावर वल्हं मारलेलं, त्यामुळे पाण्याची भीती नाही. फ्लाय रॉड, म्हणजे जाडसर लाइनने नकली किडा (फ्लाय) फेकायची गळाची काठी, वर्षभर नदीवर वापरलेला, ५ वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन फेकतो त्याचा आकडा). जूनमधल्या एका शनिवारी सकाळी साडेनऊला ते स्ट्रॉबेरी रिझर्व्हॉयर या मोठ्या जलाशयावर, पश्चिम काठाच्या मरीनाजवळून पाण्यात उतरले. अकराच्या पुढे वारा सुटला. लाइन तोंडावर यायला लागली, नांगर टाकला तर तो सरकत राहिला, आणि जेमतेम मैलभरावरून काठाला यायला त्यांना पावणेदोन तास लागले. मासा एकही नाही. त्यांचं विचारणं असं: ८ वेटचा रॉड घ्यावा का, नांगर जड घ्यावा का, छोटी मोटर बसवावी का, आणि अकरा वर्षांच्या मुलीला सोबत कधी नेता येईल?

मी चौदा वर्षं याच पाण्यावर कयाक नेतोय. तुमचं वर्णन वाचून सर्वांत आधी वाटलं की तुम्ही सुखरूप परत आलात हे फार बरं झालं. मासे मिळाले नाहीत ही त्या दिवसातली सर्वांत छोटी गोष्ट होती. आणि खरं सांगायचं तर रॉड, नांगर, मोटर यांतलं काहीही विकत घेऊन तुमचा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही साडेनऊला उतरलात आणि वारा पाठीमागून घेत आत गेलात. त्या दोन गोष्टींनी दिवस ठरून गेला होता.

आधी हे पाणी समजून घेऊ. स्ट्रॉबेरी समुद्रसपाटीपासून सुमारे ७,६०० फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे कल्पना करा. १९१३ मध्ये इथे पहिलं धरण झालं, मग १९७४ मध्ये पूर्वेला सोल्जर क्रीक धरण पूर्ण झाल्यावर पाणी खूप पसरलं. आज भरलेलं असताना ते सुमारे १७,००० एकर आहे. पश्चिमेकडचा मोठा भाग उघडा, भोवती सेजब्रश नावाच्या खुरट्या झुडपांचे बुटके डोंगर, झाडी काठापासून लांब. वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. पूर्वेकडचा सोल्जर क्रीकचा भाग अरुंद आणि उभ्या काठांचा, आणि दोन्हींना जोडणारी नॅरोज नावाची खिंड. त्या खिंडीत वारा नळीतून फुंकल्यासारखा येतो.

शाळेच्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो होतो, आठवतंय? रात्री उतारावरची हवा गार होऊन खाली दरीत उतरते, दिवसा ऊन लागलं की उतार तापतात आणि हवा वर चढायला लागते. पहाटे स्ट्रॉबेरी आरशासारखं असतं ते यामुळे. ऊन वर आलं की ही स्थानिक हालचाल आणि वरून वाहणारा नेहमीचा पश्चिम किंवा नैर्ऋत्येचा वारा एकमेकांत मिसळतात. उन्हाळ्यातल्या बहुतेक दिवशी दहा ते बाराच्या दरम्यान पाण्यावर पहिल्या सुरकुत्या येतात आणि दुपारी दोन-तीनपर्यंत तो जोर धरतो. बहुतेक दिवशी म्हणतोय, रोज नाही. एखादी थंड हवेची लाट जवळ येत असेल तर पहाटे पाचलाच वारा असतो, आणि सप्टेंबरमध्ये कधीकधी अख्खा दिवस शांत मिळतो.

आता तुमच्या दिवसाचा मूळ मुद्दा. तुम्ही पश्चिम काठावरून उतरलात. वारा पश्चिमेचा, म्हणजे काठाकडून पाण्याकडे वाहणारा. अशा वेळी काठाजवळ पाणी सपाट दिसतं, कारण लाट तयार व्हायला वाऱ्याला मोकळं अंतर लागतं. दोनशे फुटांत लाट उठत नाही. अर्ध्या मैलावर उठते, मैलावर पांढरे फेस दिसायला लागतात. काठावर उभं राहून तुम्ही ज्या पाण्याचा अंदाज घेतलात ते पाणी सर्वांत फसवं होतं. शिवाय आत जाताना वारा पाठीशी होता, वल्हं हलकं वाटलं. परतीला तोच वारा छातीवर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: १० मैल वेगाचा वारा २० झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. शांत पाण्यात तुमची कयाक ताशी तीन मैल जात असेल, तर १५ मैलांच्या समोरच्या वाऱ्यात ती एक-दीडवर येते, आणि हात थांबले की उलटी जाते. पावणेदोन तास लागण्याचं कारण तुमची ताकद कमी पडली हे नव्हतं. हिशेबच तसा होता.

म्हणून माझा नियम साधा आहे: सकाळी ताजे हात असताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जायचं, आणि दमल्यावर वाऱ्याने घरी आणायचं. स्ट्रॉबेरीवर याचे दोन अर्थ होतात. पश्चिम काठावरून उतरत असाल तर काठाला समांतर राहायचं, खाडीच्या आत, शंभर-दीडशे यार्डांच्या पलीकडे जायचंच नाही. तिथे मासे नसतात असं वाटत असेल तर ते चुकीचं आहे, पुढे सांगतो. दुसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या बाजूने उतरून पहाटे पश्चिमेकडे वल्हवत जाणं आणि वारा सुटला की त्याच्यासोबत परत येणं. यात एक धोका आहे, तो लपवत नाही. मागून येणाऱ्या मोठ्या लाटा कयाकचं शेपूट उचलून ती आडवी फिरवतात, आणि आडवी झालेली कयाक पुढच्या लाटेला उलटते. त्यामुळे हा पर्याय ज्यांना कयाक उलटल्यावर पाण्यातून पुन्हा चढता येतं त्यांच्यासाठी. तुम्ही अजून ते करून पाहिलेलं नसेल तर जुलैत एखाद्या उबदार, छोट्या तळ्यावर जाऊन, जॅकेट घालून, मुद्दाम दहा वेळा उलटा आणि चढा. हा माझा तुम्हाला सर्वांत मनापासूनचा सल्ला आहे. रॉडपेक्षा आधी हे.

कारण पाणी थंड आहे. इथे बर्फ साधारण मेच्या मध्यानंतर सुटतो, आणि जूनच्या सुरुवातीलाही थोडं खोलवरचं पाणी हाडं गोठवणारं असतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्याबद्दल एक सूत्र सांगितलंय, १-१०-१: पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा मिळवायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात तेवढी, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. दहा मिनिटं लक्षात ठेवा. त्यात कयाकवर चढलात तर चढलात. लाइफ जॅकेट कयाकच्या मागे दोरीला बांधून ठेवणारे लोक मी दर आठवड्याला पाहतो. बर्फासारख्या पाण्यात ते सोडवून अंगात घालणं शक्य नसतं. जॅकेट अंगावर, चाकू आणि शिट्टी जॅकेटला, फोन जलरोधक पिशवीत छातीशी. तिथे मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे कुठून उतरणार आणि किती वाजता काठावर येणार हे घरी लिहून ठेवून निघा.

नांगराबद्दल. तुम्ही लिहिलंय की तीन पौंडांचा, घडीचा, चार नख्यांचा नांगर होता, वीस फूट पाणी आणि तीस फूट दोर. इथे वजनाचा दोष नाही, दोराचा आहे. नांगर तळावर आडवा ओढला गेला तरच नख्या रुततात, आणि त्यासाठी दोर खोलीच्या निदान तिप्पट, वाऱ्यात पाचपट सोडावा लागतो. वीस फुटांवर तीस फूट दोर म्हणजे तो नांगराला वर उचलत होता. पण मी म्हणेन, वीस फुटांवर नांगर टाकूच नका. आठ-दहा फुटांवर टाका आणि पन्नास फूट दोर ठेवा.

दुसरं, दोर बांधला कुठे होता? तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण मी पहिल्या वर्षी केलेली चूक सांगतो. मी तो बसायच्या जागेशेजारी, कडेला बांधला होता. वारा वाढला तशी कयाक लाटांना आडवी झाली, दोराने ती कड खाली खेचली आणि पाणी आत यायला लागलं. गाठ ओली, घट्ट, बोटं बधिर. चाकूने दोर कापला म्हणून वाचलो. त्यानंतर मी कडेने पुढून मागे फिरणारी दोरी आणि दोन कप्प्या बसवल्या, इथे त्याला अँकर ट्रॉली म्हणतात. नांगर बसल्या जागेवरून टाकायचा आणि मग दोराचं टोक अगदी मागच्या किंवा अगदी पुढच्या टोकाला सरकवायचं. टोकाला छोटा बोया बांधलेला, म्हणजे घाई झाली तर दोर सोडून द्यायचा, नांगर नंतर येऊन उचलता येतो. पांढरे फेस दिसायला लागले की मी नांगर वापरत नाही, अपवाद नाही.

मग वाऱ्यात करायचं काय? वाहत जायचं. पाण्यातली छत्री, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, ही माझ्या मते तीस-चाळीस डॉलरांत मिळणारी सर्वांत उपयोगी वस्तू आहे. ती मागच्या टोकाला बांधली की कयाकचं तोंड वारा जिकडे वाहतो तिकडे राहतं आणि वेग अर्ध्यावर येतो. लाइन समोर तिरकी टाका, बुडू द्या. कयाक पुढे सरकत जाते तशी लाइन बाजूला आणि मग मागे येते, ताणली जाते, आणि फ्लाय एकदम वळसा घेऊन वर उठते. माझ्या अनुभवात बहुतेक झटके त्या वळणावर लागतात. सरळ समोर टाकलंत तर कयाक लाइनवर चालून जाते, लाइन ढिली पडते आणि मासा चावून सोडून गेला तरी कळत नाही.

रॉडचं उत्तर आता पटेल. ८ वेट नको. ६ वेट, शक्य असेल तर साडेनऊ-दहा फुटी घ्या, कारण कयाकवर आपण पाण्याला जवळजवळ टेकून बसतो आणि आखूड रॉडने मागची लाइन पाण्यावर आपटते. पण ५ वेटवरही चालेल, फक्त तरंगणारी लाइन काढून हळू बुडणारी इंटरमीजिएट लाइन घाला. ती बारीक असते, वाऱ्याला कापते, आणि पाण्याखाली गेली की वारा तिला ओढत नाही. साधारण दर सेकंदाला दीड-दोन इंच बुडते, म्हणजे सहा फुटांवर जायला चाळीसेक आकडे मोजा. मोजत जा, खोली ठरवायचा दुसरा मार्ग नाही. वाऱ्याच्या बाजूचंही भान ठेवा: तुम्ही उजव्या हाताने टाकत असाल तर वारा डाव्या खांद्यावरून यायला हवा. उजवीकडून आला की गळ तुमच्या कानाकडे येतो. आणि लाइन हवेत चार-पाच वेळा फिरवू नका. एकदा मागे, एकदा पुढे, सोडा. चाळीस फूट पुष्कळ आहेत.

आता मासे. स्ट्रॉबेरीत काठाजवळ मासे नसतात हा गैरसमज बोटवाल्यांमुळे पसरला असावा, कारण ते मधल्या खोल पाण्यात कोकॅनी सॅमनच्या मागे असतात. आपल्याला हवे आहेत कटथ्रोट आणि रेनबो ट्राउट, आणि ते जून-जुलैत पाच ते पंधरा फुटांच्या पाण्यात, पाणवनस्पतींच्या कडेने फिरतात, कारण खाणं तिथे आहे: जळवा, स्कड नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव, चतुराच्या जातीतल्या डॅम्सलफ्लायची पिल्लं, आणि रेडसाइड शायनर मासे. डॅम्सलची पिल्लं सकाळी उशिरा बाहेर यायला काठाकडे पोहतात. त्या वेळी तुम्ही मैलभर आत असाल तर मासे तुमच्या पाठीमागे आहेत. मी दिवसाची सुरुवात ऑलिव्ह किंवा काळ्या वूली बगर नावाच्या केसाळ फ्लायने, ८ किंवा १० नंबरच्या गळावर करतो. हळू ओढ, थांब, पुन्हा हळू. दहानंतर हलकी लाट उठली की बोयाखाली, म्हणजे इंडिकेटरखाली, सहा-आठ फुटांवर जळूसारखी फ्लाय लावतो. लाट बोयाला वरखाली हलवते आणि खाली फ्लायला जीव येतो. थोडा वारा माशांना बेसावध करतो आणि पृष्ठभागावरचं खाणं एका बाजूला ढकलतो, त्यामुळे ताशी पाच-आठ मैलांचा वारा मला शांत पाण्यापेक्षा जास्त आवडतो.

पकडलेल्या माशाकडे नीट बघा. इथला नियम असा आहे की १५ ते २२ इंचांमधला कटथ्रोट लगेच सोडायचाच. कारण ऐकण्यासारखं आहे. पूर्वी या पाण्यात यूटा चब आणि सकर हे मासे इतके माजले की ट्राउटला खायला उरलं नाही. १९९० मध्ये अख्ख्या जलाशयात रोटेनोन हे मासे मारणारं विष टाकून सगळे मासे मारले आणि नव्याने सुरुवात केली. त्यात बेअर लेकचा कटथ्रोट निवडला गेला, कारण तो मोठा झाला की चब खातो. म्हणजे वीस इंची कटथ्रोट हा या तलावाचा राखणदार आहे. जबड्याखाली नारिंगी-लाल रेघ दिसली की तो कटथ्रोट समजायचा, शंका असेल तर सोडायचा. नियम बदलू शकतात, त्यामुळे दर वर्षी राज्याची मासेमारीची पुस्तिका पाहूनच निघा. सोडताना हात ओले, मासा जाळीतच पाण्यात, फोटोसाठी एक श्वास रोखता येईल तेवढाच वेळ बाहेर. ऑगस्टमध्ये वरचं पाणी वीस अंश सेल्सियसच्या वर गेलं की मी ट्राउटच्या मागे जातच नाही, सोडलेला मासाही मग बऱ्याचदा जगत नाही.

तर माझा एक दिवस असा जातो. आदल्या रात्री हवामान खात्याचा, खुद्द तलावाच्या ठिकाणाचा तासातासाचा अंदाज पाहतो. हीबर सिटीचा नाही, ते खाली दरीत आहे. सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा आकडा महत्त्वाचा. झोत १८ मैलांचे असतील तर खाडीबाहेर नाही, सरासरीच १५ असेल तर घरीच. पहाटे चारच्या आत निघायचं, दीड-पावणेदोन तासांचा रस्ता, साडेपाचच्या संधिप्रकाशात पाण्यात. जूनमध्येही तेव्हा हात बधिर होतात, लोकरीचे मोजे आणि टोपी लागतेच. पहिला अर्धा तास वारा जिकडून येणार तिकडे वल्हवत जायचं, मग नऊपर्यंत नांगरावर, नऊ ते अकरा छत्रीवर वाहत. पहिला पांढरा फेस दिसला की परत, मग मासे कितीही चावत असोत. साधारण बारापर्यंत कयाक गाडीवर असते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी ढग येतात, तेव्हा गडगडाट ऐकू आला की काठावर, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास पुन्हा पाण्यात नाही. हातात नऊ फुटी ग्रॅफाइटचा रॉड घेऊन सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. घरी आल्यावर कयाक, दोर, बूट पूर्ण वाळवायचे. यूटातल्या लेक पॉवेलमध्ये क्वागा शिंपले पसरले आहेत आणि ओल्या दोरातून ते दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतात.

मोटरबद्दल मी आग्रह धरणार नाही. बॅटरीची छोटी मोटर वापरणारे चांगले लोक मला माहीत आहेत. पण ती बसवली की माणूस वल्हवून जाऊ शकेल त्याच्या तिप्पट लांब जातो, आणि बॅटरी वाऱ्यात नेहमीपेक्षा लवकर संपते. एक पूर्ण उन्हाळा बिनमोटरीचं जा, मग ठरवा.

राहिली मुलगी. तिला नक्की न्या, पण पहिल्यांदा इथे नाही. आधी घराजवळच्या छोट्या तळ्यावर दोघांच्या कयाकवर बसवा, तिच्या हातात वल्हं द्या, उलटून चढायचा सराव तिलाही द्या. मुलं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. तेरा वर्षांखालच्या मुलांनी बोटीत जॅकेट घालणं यूटात कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि ते तिच्या मापाचं हवं, तुमचं जुनं नको. मग जुलैच्या मध्याला, वारा नसलेल्या पहाटे, स्ट्रॉबेरीच्या एखाद्या आत वळलेल्या खाडीत काठापासून पन्नास यार्डांच्या आत तिला न्या आणि नऊला बाहेर या. तिला फ्लाय टाकायला लावू नका, लाइन मागे सोडून द्या आणि तुम्ही हळू वल्हवा. झटका लागेल तेव्हा रॉड तिच्या हातात असू द्या. माझ्या मुलाचा पहिला कटथ्रोट असाच लागला, साडेसात वाजता, आणि तो सतरा इंचांचा होता म्हणून आम्ही तो जाळीतूनच सोडला. मासा गेल्यावर बराच वेळ तो पाण्यात हात घालून बसला होता.